मागच्या सीटवरची सिनेट

अमेरिकेचं सरकार कसं चालतं हे मला एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर कळलं. शारजातल्या अल नहदाहून निघायचं आणि दुबईत, ऊद मेथाच्या जरा अलीकडे, आमच्या शाळेपाशी उतरायचं. अंतर म्हणाल तर एवढंसं. पण सकाळी या रस्त्यावर जो ट्रॅफिक असतो, त्यात एखाद्या देशाची घटना लिहून, मंजूर करून, वर तिच्यात दोन-चार दुरुस्त्याही करून होतात. आमच्या सरांनी तेच केलं.

सर आमच्या शाळेत 'अमेरिकन गव्हर्नमेंट' हा विषय शिकवायचे. शाळेत अमेरिकन असा एकटा अभ्यासक्रमच होता. मुलं सीरियापासून सियालकोटपर्यंत कुठलीही, गणिताला मी वसईची, आणि अमेरिकन घटनेला हे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. सरांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. पण बोलताना सरळ 'आमच्या घटनेत' म्हणायचे, आणि ही आमची घटना म्हणजे भारताची नव्हे, हे नवीन माणसाच्या लक्षात यायला आठवडा जायचा. जूनच्या उकाड्यातही गळ्यात टाय. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मी सरकार शिकवतो, बाई. सरकारनं बटण उघडं टाकून फिरू नये."

मला उगाच कुणाचं कौतुक करायची सवय नाही, हे माझा नवरासुद्धा सांगेल. सरांनी माझं डोकं भरपूर खाल्लंय. तरी आज ते इथे नाहीत तर गाडीत करमत नाही, हेही खरं.

तर गाडी सरांची, आणि आम्ही तिघं त्यांच्याबरोबर जायचो-यायचो. माझा नवरा हमरिया फ्री झोनमध्ये, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, तेव्हा त्याचा उपयोग शून्य. मी स्वतः ड्रायव्हिंगच्या टेस्टला इतक्या वेळा नापास झाले होते, की तिथली परीक्षक बाई मला घरच्यांची खुशाली विचारायची. दुसरी शबाना, श्रीवर्धनची, केजीची टीचर. पोरीचा आवाज इतका हळू, की केजीतली मुलंच तिला 'मिस, स्पीक अप' म्हणायची. तिसरा पाटकर, डोंबिवलीचा. तो सायन्सची लॅब सांभाळायचा आणि गाडीत बूड टेकताच घोरायला लागायचा.

घटना जन्माला आली ती एसीवरून. पाटकरला एसी फुल्ल पाहिजे आणि शबानाला सायनस. एक दिवस दोघांची जुंपली. म्हणजे पाटकर भांडला आणि शबाना शिंकली. सरांनी गाडी पेट्रोल पंपावर बाजूला घेतली आणि मागे वळून विचारलं, "गाडी कुणाची?"

"तुमची."

"म्हणजे एसी किती ठेवायचा ते मी एकट्यानं ठरवायचं. बरोबर?"

"बरोबर," आम्ही म्हणालो. आम्हाला शाळेला उशीर होत होता.

"साफ चूक," सर म्हणाले. "याला राजेशाही म्हणतात. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्या हातात सगळंच द्यायचं नसतं. उद्यापासून हे बंद. खलास."

दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटच्या पाठीला, विमानात असतं तसं, लॅमिनेट केलेलं कार्ड लटकत होतं. ड्रायव्हर म्हणजे राष्ट्राध्यक्ष. मागची सीट म्हणजे काँग्रेस. त्यातही दोन सभागृहं. शबाना म्हणजे हाउस, कारण ती तरुण आणि जनतेच्या जवळची. मी म्हणजे सिनेट. "सिनेटला वय लागतं, बाई," असं सर अगदी सहज म्हणाले, आणि मी ते अजून विसरलेले नाही. मधला आर्मरेस्ट ही दोन सभागृहांमधली भिंत. ड्रायव्हरशेजारची सीट म्हणजे सुप्रीम कोर्ट. ती पाटकरला मिळाली, कारण त्याचे पाय लांब.

आता त्या पुढच्या सीटवर माझा डोळा होता. मी म्हटलं, "महिन्या-महिन्यानं बदलू या की."

"न्यायाधीशाची नेमणूक आजन्म असते," सर म्हणाले.

"अहो, पण हा झोपतो."

"झोपला तरी न्यायाधीशच."

म्हणजे पाटकर जिवंत असेपर्यंत मला पुढची सीट नाही. शिवाय सिनेटला नुसतं पुढे बघत बसायचीही सोय नव्हती. एसी एक आकड्यानं कमी करायचा तर शबानानं ठराव मांडायचा, मी मंजूर करायचा, मग राष्ट्राध्यक्षांनी मान डोलवायची. त्यांनी मान हलवली नाही तर तो व्हीटो. व्हीटो मोडायला प्रत्येक सभागृहात दोन तृतीयांश मतं लागतात. मी गणिताची बाई. मी विचारलं, "सर, माझ्या सभागृहात मी एकटी. एका माणसाचे दोन तृतीयांश म्हणजे किती?"

सर विचारात पडले. सिग्नल हिरवा झाला, मागचे गाडीवाले दिवे मारायला लागले, तरी विचारातच. मग म्हणाले, "तुमचं डोकं आणि दोन्ही हात. पाय कशाला पाहिजेत मत द्यायला?"

एकदा मात्र मी त्या घटनेचा पुरेपूर फायदा वसूल केला. माझ्या डब्यात आठवड्यातून दोनदा तरी तळलेले बोंबील असतात, आणि बंद गाडीत तो वास कुणाला सुवास वाटतो, कुणाला नाही. शबाना स्वतः खाडीवरची, मासे खाणारी. पण पाटकरच्या चिथावणीवरून तिच्या हाउसनं ठराव पास केला, की गाडीत तळलेला मासा आणायचा नाही. ठराव माझ्याकडे आला. सर म्हणाले, "सिनेटमध्ये सदस्याला हवं तेवढा वेळ बोलता येतं. ती बोलत असेपर्यंत मतदान होत नाही." बस्स. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी बोंबील कसे निवडायचे तिथून सुरुवात केली. ते दाबून पाणी कसं काढायचं, रव्यात तांदळाचं पीठ किती, माझ्या सासूचं कुठे चुकतं, ती स्वतःला काय समजते, सगळं आलं. शाळेचं गेट येईपर्यंत माझं तोंड बंद नव्हतं. पाटकर उठून हात जोडायला लागला. आणि सर स्टिअरिंगवर थापा मारत म्हणत होते, "बोला बाई, बोला, श्वास घ्यायला थांबू नका, नाहीतर मत घ्यावं लागेल." तो ठराव बारगळला. बोंबील अजून येतात.

हे सरांचं सगळ्यात विचित्र. त्यांना हरवलं की त्यांना आनंद व्हायचा. टोलच्या रस्त्यानं जायचं की आतल्या, यावर त्यांनी एकदा व्हीटो वापरला आणि आम्ही दोन्ही सभागृहांनी तो मोडला. पाटकर टोलच्या दिरहमचे रुपये करून हळहळत होता, पण सर इतके खूश की वाटेत कॅफेटेरियासमोर थांबून सगळ्यांना करक, म्हणजे इथला दाट, कडक दुधाचा चहा पाजला. "माझं चाललं नाही," असं ते चहावाल्यालासुद्धा सांगत होते. तो मल्याळी बिचारा. त्याला वाटलं यांचं काहीतरी नुकसान झालंय. त्यानं साखर जास्त घातली.

शाळेत हे वेड एकदा अंगाशी आलं. वर्गाचा कॅप्टन निवडायचा होता. सरांनी निवडणूक घेतली, पण अमेरिकन पद्धतीनं. बाकांची प्रत्येक रांग म्हणजे एक राज्य, प्रत्येक राज्याची ठरलेली मतं, रांगेत जो जिंकेल त्याला त्या रांगेची सगळी मतं. वर्गातल्या जास्त मुलांना एक मुलगी हवी होती, तरी ती हरली. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. इजिप्शियन बाई, उंच, रागानं लाल.

"मोर चिल्ड्रन वाँट माय डॉटर. यस?"

"यस, मॅडम."

"अँड शी लॉस्ट?"

"एक्झॅक्टली, मॅडम," सर म्हणाले, आणि आनंदानं त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, मुलीपेक्षा आईला धडा लवकर समजला. ती बाई तशीच प्रिन्सिपलकडे गेली. शेवटी प्रिन्सिपल मॅडमनी दोघांनाही कॅप्टन करून टाकलं. परतीच्या वाटेवर, अल नहदाच्या जवळ आल्यावर सर एवढंच म्हणाले, "एका देशाला दोन राष्ट्राध्यक्ष. यल्ला, चला, बुडवा देश."

या सगळ्याची लागण माझ्या घरापर्यंत आली. मी माझ्या मुलीला टीव्ही बंद कर म्हटलं तर ती म्हणायची, "ममा, धिस इज अनकॉन्स्टिट्यूशनल." मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ही उत्तरं, आणि तीही सरांची.

पाटकरनं एकदा जागेपणी एक बरोबर प्रश्न विचारला. "सर, तुम्ही स्वतः कधी मत दिलंय?"

सरांनी आरसा नीट केला. मग सांगितलं. कोवळ्या वयात आखातात आले. तिकडे निवडणूक असली की हे इकडे. इथे बसून मत देता येत नाही, आणि मतासाठी रजा मागितली तर कोण देतो. एकदा निघालेही होते, तर मतदानाची तारीखच पुढे गेली आणि हे सुट्टी संपवून परत आले. "म्हणून शिकवतो," म्हणाले. "ज्याला जेवायला मिळत नाही, तो स्वयंपाकाच्या गोष्टी जास्त करतो." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

एरवी सर एकटेच. भाभी गावी, मुलगी लग्न होऊन मस्कतला. अल नहदात एका खोलीचा फ्लॅट, तिथे ते फक्त झोपायला जायचे. बोलायला, भांडायला, टाय कुणाला दाखवायला म्हणा, माणसं होती ती या गाडीत. शुक्रवारी सोडताना हमखास म्हणायचे, "सोमवारी अधिवेशन आहे, गैरहजर राहू नका." दोन दिवस कसे काढायचे याची त्यांना काळजी असायची, ते आम्हाला कळायचं.

आणि नेमके त्यांचे डोळे बिघडायला लागले.

आधी त्यांनी दोष काचेला दिला. पेट्रोल पंपावरच्या माणसाकडून समोरची काच पुन्हा पुन्हा पुसून घ्यायचे. "दुबईची धूळ," म्हणायचे. मग वायपर बदलले. ज्या देशात पाऊस वर्षातून एकदा वाट चुकून येतो, तिथे या माणसानं चांगल्यातले नवे वायपर आणले आणि कोरड्या काचेवर फिरवत राहिले. काच स्वच्छ होती. आम्हाला तिच्यातून अख्खं दुबई दिसत होतं.

मग झेब्रा क्रॉसिंगचा प्रसंग. सरांनी गाडी थांबवली. समोर कुणी नाही. आम्ही वाट बघतोय. सरांनी खिडकीतून हात काढून अदबीनं खूण केली, "यल्ला हबीबी, गो, गो." तरी कुणी जाईना. "म्हातारा दिसतोय, घाबरलाय," सर म्हणाले. मी नीट पाहिलं तर क्रॉसिंगच्या टोकाला कचऱ्याचा हिरवा डबा होता. मी हसू दाबायला पदर नाही म्हणून दुपट्टा तोंडात कोंबला. शबाना हसली नाही. तिनं माझा हात घट्ट धरला, आणि मग माझंही हसू गेलं.

"सर, डोळे तपासून घ्या ना एकदा," मी सरळ म्हटलं.

"तपासलेत. फर्स्ट क्लास आहेत."

खोटं होतं ते. तपासले आणि काही निघालं, तर शाळेला कळेल, पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार नाही, गाडी जाईल, मग राहायचं कशाला आणि कुणासाठी, हे सगळं त्यांच्या मनात होतं. मला दिसत होतं आणि बोलवत नव्हतं. ज्या माणसानं मला नवीन असताना, ओळख ना पाळख, रोज गेटपर्यंत सोडलं, त्याला 'तुम्हाला दिसत नाही' असं कसं म्हणायचं.

मग ती सकाळ आली. शाळेच्या गेटापाशी आम्ही वळलो. शबानाच्या वर्गातला एक छोटा, पाठीवर पिवळं दप्तर, आईचा हात सोडून रस्त्यावर पळाला. आम्हा सगळ्यांना दिसला. गाडी मात्र चाललीच होती. शबाना ओरडली. जिचा आवाज केजीला ऐकू येत नाही, ती अशी ओरडली की माझ्या कानठळ्या बसल्या. सरांनी ब्रेक दाबला. मुलगा बंपरपासून हातभर अंतरावर उभा होता, आमच्याकडे बघत. आईनं त्याला उचललं.

सर समोर बघत म्हणाले, "दिसला होता मला."

त्या दिवशी मला फळ्यावर साधा गुणाकार जमला नाही. मधल्या सुट्टीत शबाना माझ्याकडे आली. पाटकरलाही बोलावलं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, यावर आमची सुट्टी संपली. पाटकर म्हणाला, आपण दुसरी गाडी बघू, सरांना काही कारण सांगू. मला ते पटलं होतं, खरं सांगते. शबाना म्हणाली, "आपण उतरलो तरी सर गाडी चालवतीलच ना. आणि तो रस्ता तोच, मुलं तीच."

दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही मागच्या रेतीच्या पार्किंगमध्ये आलो. सर ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. पाटकर बसला, मी बसले. शबाना दार धरून उभीच.

"बस, बेटा. ट्रॅफिक वाढेल."

"सर," ती म्हणाली, "मला महाभियोग आणायचाय."

सरांनी चावी फिरवता फिरवता हात थांबवला. आरशात तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर उतरून चालायला लागतील. सरांनी टाय सारखा केला.

"कुणावर?"

"तुमच्यावर, सर."

"मग आत बस. हाउस उभं राहून ठराव मांडत नाही." ती बसली. "हां. आरोप काय?"

"तुम्ही... म्हणजे सर, सकाळी... तो आमचा मुलगा..." तिला रडू यायला लागलं.

"असं चालत नाही," सर म्हणाले. "आरोप स्पष्ट पाहिजे. असं म्हण, की राष्ट्राध्यक्ष गाडी चालवायला लायक राहिलेले नाहीत आणि त्यांनी ही गोष्ट लोकांपासून लपवली. म्हण."

ती म्हणाली. शब्दाशब्दाला अडखळत, पण पूर्ण म्हणाली.

"शाबास. हाउसनं आरोप मंजूर केला. आता खटला सिनेटपुढे. राष्ट्राध्यक्षांचा खटला असला की सरन्यायाधीश अध्यक्ष असतात. पाटकर, उठा."

पाटकर जागाच होता. त्यानं पाय आत घेतले आणि घसा खाकरला. सरांनी स्वतःची बाजू मांडली. माणसाचं डोकं काय चालायचं. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. ब्रेक वेळेवर लागला, आणि तो राष्ट्राध्यक्षांच्याच पायानं लागला. इतक्या वर्षांत एकही अपघात नाही. कुणाच्या ओरडण्यावरून माणसाला दोषी ठरवायचं असेल तर उद्या शिंकण्यावरूनही ठरवाल. एरवी आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

पाटकर म्हणाला, "सर, एक पुरावा बघू? समोर भिंतीवर बोर्ड आहे. तेवढा वाचून दाखवा."

सर हसले. "स्टाफ पार्किंग ओन्ली. व्हिजिटर्स प्लीज यूज द मेन गेट." एकदाही न अडखळता.

तो बोर्ड मागच्याच आठवड्यात काढला होता. तिथे आता नव्या प्रवेशांची जाहिरात होती. भिंतभर लाल फुगे, हसणारी मुलं, अक्षरं माझ्या हाताएवढी.

पाटकरनं माझ्याकडे बघितलं, शबानाकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "बरोबर आहे, सर," तो म्हणाला. त्याला नाही सांगवलं. मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी मायाही आली.

"मग आता सिनेट," सर म्हणाले. "बाई, तुमचं मत."

सिनेटमध्ये मी एकटी. दोन तृतीयांश काय नि अर्धं काय, सगळं माझ्याच गळ्यात. नाही म्हटलं तर सर खूश, सगळे खूश, उद्या सकाळी सातला पुन्हा तोच रस्ता. हो म्हटलं तर या माणसाकडे काय उरणार होतं, ते मला माहीत होतं. गाडी बंद होती, एसी बंद होता, आणि कुणी काच खाली करायचा ठरावही मांडत नव्हतं.

"बाई, सिनेटनं मैत्री बघायची नसते," सर म्हणाले. आवाज अगदी वर्गातला.

"दोषी," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"दोषी, सर."

सरांनी मान डोलवली. ठराव मंजूर करताना डोलवायचे तशी नाही, हळू. मग चावी काढली आणि हातात धरून बसले. मला वाटलं संपलं. पण नाही, सरांचं कधी तेवढ्यावर संपलंय? "उपाध्यक्ष आपण नेमलेला नाही," ते म्हणाले. "तेव्हा घटनेप्रमाणे सत्ता हाउसच्या सभापतीकडे जाते." आणि त्यांनी चावी मागे शबानापुढे धरली.

"मी?" शबाना म्हणाली. "सर, लायसन्स आहे, पण लग्नानंतर मी गाडीला हातसुद्धा लावला नाही. आमचे हे म्हणतात, तू भित्री आहेस."

पोरगी पहिल्याच टेस्टला पास झालेली होती. मला हे तोवर माहीत नव्हतं, नाहीतर मी तिच्याशी इतकं चांगलं वागले नसते.

"ज्या माणसानं आज माझ्यावर खटला भरला, तो भित्रा कसा?" सर म्हणाले, आणि उतरून मागचं दार उघडलं.

शबानानं सीट पुढे घेतली, आरसे लावले, बिस्मिल्ला म्हणाली आणि गाडी काढली. बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलं असतं. मागून दिवे मारत होते, बाजूनं जाताना लोक मान वाकडी करून बघत होते. पाटकर एका हातानं डॅशबोर्ड आणि एका हातानं दार धरून, डोळे टक्क उघडे. सर माझ्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्या सीटवर इतकी कमी जागा असते हे त्यांना पहिल्यांदा कळत असावं. मी वाट बघत होते, की आता सूचना सुरू होतील, लेन बदल, इंडिकेटर दे, वेग वाढव. सर एक शब्द बोलले नाहीत.

"सर, इथून डावीकडे घेऊ?" शबानानं विचारलं.

"तुला दिसतंय ना, बेटा?"

"हो."

"मग घे."

शारजाची हद्द लागली तेव्हा सर खिडकीकडे बघत म्हणाले, "तो मुलगा मला दिसला नव्हता, बाई."

मी त्यांच्याकडे वळले.

"नुसतं पिवळं काहीतरी होतं. मला वाटलं ऊन आहे. शबाना ओरडली म्हणून पाय पडला. दिवसभर मी तास घेतले, आणि मनात एकच, की कुणीतरी मला अडवा. माझ्या तोंडानं मला म्हणवत नव्हतं. तुम्ही गप्प बसला असतात, तर मी आत्ताही चालवत असतो."

मला रडू आलं. त्यात लपवायचं काय? पुढे शबानाही रडत होती, पण तिचे डोळे रस्त्यावरून हलले नाहीत.

एरवी सर आम्हाला एकेकाला आपापल्या बिल्डिंगखाली सोडायचे आणि मग एकटेच पार्किंग शोधत फिरायचे. त्या दिवशी शबानानं कुणाला न विचारता गाडी आधी सरांच्या बिल्डिंगकडे घेतली. फुटपाथला चाक न लावता, दरवाज्यासमोर नीट थांबवली.

"सर, पोचलो," ती म्हणाली.

सर उतरेनात. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. मी त्यांच्या बाजूचं दार उघडायला हात पुढे केला.

"थांबा जरा, बाई," सर म्हणाले. "बसू द्या दोन मिनिटं. इथे आल्यापासून मला कुणी घरी सोडलं नव्हतं."